बोधिसत्त्व आणि संत जोसाफात

जगातील धर्मांमध्ये बौद्ध मताचे स्थान कोणते, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः दोन मार्गांनी दिले जाते. अनुयायांचे देश व त्यांची संख्या सांगणे हा पहिला मार्ग. अनात्मवाद, प्रतीत्यसमुत्पाद, निर्वाण इत्यादी सिद्धांत इतर धर्मांच्या सिद्धांतांशेजारी ठेवून साम्यभेद दाखविणे हा दुसरा. दोन्ही मार्ग उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु एखादे मत जेव्हा आपले नाव गमावून परधर्मात शिरते, तेव्हा या दोहोंपैकी कोणत्याही मार्गाने त्याचा माग लागत नाही. अशा अनाम प्रवासाचे अत्यंत ठळक उदाहरण म्हणजे ख्रिस्ती जगात संत म्हणून कित्येक शतके पूजिला गेलेला राजपुत्र जोसाफात होय. त्याचे चरित्र हे मुळात बोधिसत्त्वाचे चरित्र आहे. या चरित्राबरोबर बौद्ध मताचा कोणता अंश परदेशी गेला आणि कोणता वाटेतच गळून पडला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. ख्रिस्ती कथा

मध्ययुगीन ख्रिस्ती परंपरेतील कथा थोडक्यात अशी : हिंदुस्थानात आबेन्नेर नावाचा एक वैभवशाली राजा होता. तो मूर्तिपूजक असून ख्रिस्ती संन्याशांचा त्याने मोठा छळ मांडला होता. बहुत काळ निपुत्रिक राहिल्यावर त्याला जोसाफात हा पुत्र झाला. भविष्य वर्तविण्यास जमलेल्या ज्योतिष्यांनी बालकाच्या ऐश्वर्याची ग्वाही दिली; परंतु त्यांतील सर्वांत जाणत्याने सांगितले की, याचे राज्य ऐहिक नव्हे, ज्या धर्माचा छळ चालला आहे त्याचाच हा स्वीकार करील. भयभीत झालेल्या राजाने पुत्राला एका रम्य प्रासादात ठेविले आणि रोग, जरा व मृत्यू यांचा उच्चारदेखील त्याच्या कानी पडू नये अशी व्यवस्था केली. तथापि बाहेर जाण्याची अनुज्ञा मिळताच राजपुत्राला प्रथम एक कुष्ठरोगी व एक आंधळा, आणि पुढे एक जराजर्जर वृद्ध दिसला. या सर्वांचा शेवट मृत्यूत होतो, हे सेवकांकडून कळल्यावर त्याचे चित्त सुखोपभोगांतून उडाले.

याच सुमारास बार्लाम नावाचा वृद्ध तपस्वी, आपणाजवळ एक अमूल्य रत्न आहे असे सांगत, व्यापाऱ्याच्या वेषाने प्रासादात आला. त्याने अनेक दृष्टांतांच्या द्वारा राजपुत्राला उपदेश करून दीक्षा दिली. पित्याने वादविवादाचा डाव मांडला, सुंदर स्त्रियांची योजना केली, अर्धे राज्यही देऊन पाहिले. पण पुत्र ढळला नाही. अखेर पिताच त्याच्या धर्मात आला. पित्याच्या निधनानंतर जोसाफाताने राज्याचा त्याग केला आणि अरण्यात बार्लामाच्या सन्निध राहून देह ठेविला. रोमन संतनामावलीत २७ नोव्हेंबर हा या दोघांचा स्मरणदिन म्हणून नोंदला गेला होता.

२. कथेचे भारतीय मूळ

ललितविस्तर, अश्वघोषाचे बुद्धचरित किंवा पाली निदानकथा यांपैकी कोणताही ग्रंथ वाचलेल्यास या कथेचा उगम सांगण्याची आवश्यकता नाही. जन्मकाळचे भविष्य, पित्याने उभारलेले सुखाचे कुंपण, वृद्ध, रोगी व मृत यांचे दर्शन, स्त्रियांचे प्रलोभन आणि शेवटी महाभिनिष्क्रमण, हा सर्व क्रम तेथे आहे. युरोपात हे साम्य १८५९ मध्ये लाबुले या फ्रेंच पंडिताने जाहीरपणे निदर्शनास आणले. पुढील वर्षी फेलिक्स लीब्रेख्ट या जर्मन विद्वानाने दोन्ही कथांची तपशीलवार तुलना करून ते सिद्ध केले.

परंतु भारतीय मूळ म्हणजे सरसकट प्राचीनतम बौद्ध मूळ नव्हे. पाली निकायांत चार निमित्तांचे सविस्तर वर्णन दीघनिकायाच्या महापदानसुत्तात येते, आणि ते गौतमाविषयी नसून विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाविषयी आहे. अंगुत्तरनिकायात गौतम स्वतःच्या सुखासीन तारुण्याविषयी बोलतो, तेथे रथ नाही, सारथी नाही, रस्त्यावरचा वृद्धही नाही. सामान्य मनुष्य स्वतः जरेच्या, रोगाच्या व मृत्यूच्या अधीन असूनही दुसऱ्याची जरा पाहून त्याला किळस वाटते, हे आपणास शोभणारे नाही, असा विचार मनात येताच आपला तारुण्याचा, आरोग्याचा व जीविताचा मद गळाला, एवढेच तो सांगतो. म्हणजे जे प्रथम केवळ चिंतन होते, त्याला पुढील शतकांत प्रसंगाचे रूप आले.

आधुनिक काळात मराठी अभ्यासकांनी या भेदाकडे विशेष लक्ष दिले आहे. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात निमित्तदर्शनाच्या कथेची चिकित्सा करून, गौतमाच्या गृहत्यागाची कारणे शाक्य व कोलिय यांच्यातील कलहात शोधली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर वृद्ध किंवा प्रेत पाहिलेच नव्हते हे संभवनीय नाही, असे प्रतिपादून ती कथा नाकारली. जी कथा बुद्धाच्या मायभूमीत चिकित्सेच्या कसोटीवर टिकली नाही, तिनेच परधर्मीयांना शतकानुशतके जिंकले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

३. प्रवासाचा मार्ग

या प्रवासाचा पहिला टप्पा मध्य आशियात दिसतो. तुर्फान येथे सापडलेल्या मानी-पंथीयांच्या लेखांत या कथाचक्राचे प्राचीन तुर्की अंश आहेत. तेथेच मिळालेल्या एका फारसी पद्यरचनेचे अवशेष हेनिंग याने १९६२ मध्ये प्रकाशात आणले. ती रचना दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील होय. बौद्ध, ख्रिस्ती व इराणी या तिन्ही परंपरांतून उचल करणाऱ्या मानी पंथाने या कामी दलाली केली असावी, असे मानण्यास यामुळे आधार मिळतो.

दुसरा टप्पा बगदादचा. आठव्या-नवव्या शतकांत ‘किताब बिलौहर व बूदासफ’ हा अरबी ग्रंथ तयार झाला. त्याचे पद्यरूप करणारा कवी अबान अल्-लाहिकी हा बर्मकी मंत्र्यांच्या आश्रयास होता, आणि ते बर्मकी घराणे मूळचे बल्ख येथील नवविहाराशी निगडित होते. इब्न अल्-नदीम याच्या दहाव्या शतकातील ग्रंथसूचीत या ग्रंथाची नोंद आहे. शिया पंडित इब्न बाबूया (मृत्यू ९९१) याने आपल्या धर्मग्रंथात ही कथा समाविष्ट केली. इस्माइली समाजाने तर ती एवढी जपली की, अरबी पाठाची शिळाछाप आवृत्ती १८८८–८९ च्या सुमारास मुंबईतच निघाली. बोधिसत्त्वाची ही अरबी कथा पश्चिम भारतात परत आली होती, पण ओळख हरवून.

नावाचे रूपांतरही याच टप्प्यात समजते. ‘बोधिसत्त्व’ याचे ‘बूदासफ’ झाले. अरबी लिपीत शब्दारंभीच्या ‘ब’ व ‘य’ या अक्षरांत एका नुक्त्याचाच फरक असल्याने लेखकांच्या हातून ‘यूदासफ’ बनले. त्यावरून जॉर्जियन ‘इओदासाफ’, ग्रीक ‘इओआसाफ’ आणि शेवटी बायबलातील एका राजाच्या नावाशी जुळणारे लॅटिन ‘जोसाफात’ अशी परंपरा लागते.

कथेला ख्रिस्ती रूप प्रथम जॉर्जियन भाषेत आले. आथोस पर्वतावरील जॉर्जियन मठवासी युथिमियस (मृत्यू १०२८) याने ती ग्रीकमध्ये आणली असे आता सामान्यतः मानले जाते; पूर्वी तिचे कर्तृत्व दमास्कसच्या संत योहानाकडे दिले जात असे. १०४८ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथे पहिले लॅटिन भाषांतर झाले आणि तेथून फ्रेंच, जर्मन, नॉर्स इत्यादी भाषांत तिची रूपे पसरली. तेराव्या शतकात बार्सेलोनाच्या अब्राहाम इब्न हसदाई याने तिला हिब्रू रूप दिले. १५९१ मध्ये जपानातील जेझुइट मुद्रणालयाने काढलेल्या संतचरित्रसंग्रहातही ती आली. बुद्धाची कथा अशा रीतीने एका बौद्ध देशात ख्रिस्ती संताची कथा म्हणून जाऊन पोहोचली.

४. काय टिकले, काय गळले

मानी-पंथीय, मुसलमान, ख्रिस्ती व यहुदी या सर्वांना जी कथा आपली वाटली, तिच्यात बौद्ध असे काय उरले होते? उरले ते अनित्यतेचे भान. सुखाच्या मध्यभागी बसलेल्या तरुणाला स्वतःच्या मरणाची जाणीव होते आणि त्या जाणिवेने त्याचे जीवन पालटते, हा गाभा प्रत्येक रूपांतरात अक्षुण्ण आहे. बार्लामाचे दृष्टांतही त्याच गाभ्याभोवती फिरतात. विहिरीत लोंबकळणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत प्रसिद्धच आहे : वर हिंस्र पशू, खाली अजगर, आधाराची फांदी एक पांढरा व एक काळा उंदीर कुरतडीत आहेत, आणि तो मनुष्य मात्र ठिबकणाऱ्या मधाचे थेंब चाटण्यात दंग आहे. उंदीर म्हणजे दिवस व रात्र. टॉलस्टॉयने आपल्या आत्मनिवेदनात याच दृष्टांताचा आश्रय घेतला. परंतु हा दृष्टांत केवळ बौद्धांचा नव्हे. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर तो धृतराष्ट्राला सांगतो, आणि जैन कथाग्रंथांतही तो आढळतो. तेव्हा कथेतील प्रत्येक भारतीय अंशावर बौद्ध शिक्का मारणे सशास्त्र होणार नाही.

जे गळाले ते याहून महत्त्वाचे आहे. अनात्मवाद गेला, त्याच्या जागी अमर आत्मा व अंतिम न्यायनिवाडा आला. कार्यकारणपरंपरेने दुःखाची उत्पत्ती सांगणारा प्रतीत्यसमुत्पाद गेला. जगत्कर्त्या ईश्वराची इच्छा आली. तथापि सिद्धांतांच्या या बदलापेक्षा कथेच्या घडणीतील तीन बदल अधिक बोलके आहेत. पहिला असा की, गौतम अनेक गुरूंना सोडून स्वप्रयत्नाने बोधी मिळवितो, तर जोसाफाताला सत्य बार्लामाकडून प्राप्त होते. शोधाची कथा येथे उपदेशग्रहणाची कथा बनली. दुसरा असा की, गौतमाने देहदंडनाचा मार्ग आचरून पाहिला व तो व्यर्थ म्हणून टाकला. जोसाफाताची पूर्तता मात्र त्याच देहदंडनात आहे. मध्यमा प्रतिपदा, जी बौद्ध आचाराचा कणा होय, ती या संतचरित्रात उलटी झाली. तिसरा असा की, बुद्ध बोधीनंतर लोकांत परतला आणि चाळीसहून अधिक वर्षे गावोगाव हिंडला, तर जोसाफात राज्य सोडून अरण्यात गेला तो परतला नाही.

हे पाहता, ‘युरोपने नकळत बुद्धाची पूजा केली’ हे वारंवार केले जाणारे विधान अर्धेच खरे ठरते. युरोपने पूजा केली ती गृहत्याग करणाऱ्या राजपुत्राची. बोधिवृक्षाखालून उठून वाराणसीकडे चालू लागलेल्या शास्त्याची नव्हे. ख्रिस्ती धर्माने बौद्ध मत उसने घेतले असेही यावरून म्हणता येत नाही, कारण संन्यासाचा व ऐहिक वैभवाच्या क्षणभंगुरतेचा विचार त्या धर्मात स्वतंत्रपणे होताच. त्या विचाराला प्रभावी कथारूप तेवढे पूर्वेकडून मिळाले.

५. कान्हेरीची साक्ष

या इतिहासाचा एक दुवा महाराष्ट्राच्या भूमीवर आहे. पोर्तुगीज बखरकार दियोगु दु कोतु (मृत्यू गोवा, १६१६) हा गोव्यातील दप्तरखान्याचा प्रमुख होता. सिंहलद्वीपात पूजिल्या जाणाऱ्या ‘बुदाँ’ची कथा जोसाफाताच्या कथेशी जुळते, हे त्याच्या ध्यानात आले होते. वसईच्या अमलाखालील साष्टी बेटात कान्हेरीची लेणी कोणी कोरविली अशी विचारणा करता, जोसाफाताच्या पित्याने पुत्राला एकांतात वाढविण्यासाठी ती करविली, असे एका अतिवृद्ध गृहस्थाने सांगितल्याचे तो नमूद करतो. त्यावरून लोक ज्याला बुद्ध म्हणतात तो हाच ख्रिस्ती संत असावा, असा तर्क कोतुने केला. साम्य त्याने अचूक हेरले. ऋणाची दिशा मात्र उलटी लावली.

त्या वृद्धाच्या उत्तराचे मोल काय? ती बौद्ध काळापासून चालत आलेली स्थानिक स्मृती होती, असे मानण्याचा मोह होणे साहजिक आहे. परंतु त्या काळी साष्टीत फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा प्रचार कित्येक दशके चालू होता. तेव्हा जोसाफाताचे नाव त्या वृद्धाच्या कानी चर्चमधील प्रवचनांतून आले असणे अधिक संभवनीय आहे. तसे असल्यास कान्हेरीच्या डोंगरावर एक विलक्षण वर्तुळ पूर्ण झाले असे म्हणावे लागते. ज्या विहारांत सातवाहनकाळापासून भिक्षू राहिले, जेथे राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या कारकीर्दीत नवव्या शतकात दाने दिली गेली आणि १००९ व १०२१ मध्ये आलेल्या पारशी यात्रिकांनी आपली नावे पहलवी लिपीत कोरली, तेथील रहिवाशांना बुद्धाचे नाव उरले नव्हते. ते परत आले ते एका परदेशी संताच्या नावाने.

तात्पर्य, बौद्ध मताचे जगातील स्थान केवळ ज्यांनी ते मत स्वीकारले त्यांच्यावरून ठरत नाही. ज्यांनी ते न ओळखता त्यातील काही आपलेसे केले, त्यांचाही हिशेब त्यात धरावा लागतो. मात्र तो हिशेब जमेचा तसाच वजावटीचाही असला पाहिजे. मृत्यूपुढे तारुण्याचा मद टिकत नाही, ही जाणीव भाषा, लिपी व धर्म यांच्या सीमा ओलांडून जपानपर्यंत गेली. त्या जाणिवेतून निघालेला दुःखमुक्तीचा स्वावलंबी मार्ग मात्र कथेबरोबर गेला नाही. तो भिक्षुसंघाच्या व त्रिपिटकाच्या आधारानेच पसरला. जेथे संघ व ग्रंथ पोहोचले तेथे बौद्ध धर्म रुजला. जेथे केवळ कथा पोहोचली तेथे एक संत निर्माण झाला. धर्माच्या प्रसारात परंपरेचे कार्य कोणते आणि कथेचे कोणते, हे या दोन प्रकारांच्या तुलनेतून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होते.