सोळा सह्यांचा अर्ज
रोमानॉव्ह घराण्यातील अखेरची भाऊबंदकी

११ जानेवारी १९१७ रोजी पेत्रोग्राद येथे नेवा नदीच्या काठावरील एका भव्य प्रासादात रशियाच्या राजकुटुंबातील काही मंडळी एकत्र आली. प्रासाद होता झार निकोलस दुसरा याची काकू, ग्रँड डचेस मारिया पाव्लोव्हना हिचा. बाहेर कडाक्याची थंडी होती, महायुद्धाचे तिसरे वर्ष चालू होते आणि शहरात पावासाठी रांगा लागत होत्या. आत जमलेल्यांना मात्र दुसरीच काळजी होती. झारचा पंचविशीतला चुलतभाऊ दिमित्री याला रासपुतिनच्या खुनातील सहभागाबद्दल इराणच्या आघाडीवर धाडण्यात आले होते. त्याची प्रकृती नाजूक असून तेथील हवेत तो जगणार नाही, तेव्हा त्याला आपल्या एखाद्या जहागिरीवर राहू द्यावे, असा विनंतीअर्ज लिहिण्यात आला. त्यावर सोळा सह्या झाल्या. त्यांत दिमित्रीची आजी, ग्रीसची राणी ओल्गा, हिचीही सही होती.

अर्ज दोन दिवसांतच परत आला. झारने त्यावर स्वहस्ते शेरा मारला होता. खून करण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही, या प्रकरणात अनेकांचे मन त्यांना खात असेल हे मी जाणतो, आणि असा अर्ज माझ्याकडे यावा याचेच मला आश्चर्य वाटते, असा त्याचा आशय होता. निकोलसच्या कारकिर्दीत इतके निर्विवाद न्याय्य उत्तर त्याने क्वचितच दिले असेल. पण ते उत्तर मिळाले त्या दिवशी त्याच्या पाठीशी स्वतःचे कुटुंबही उरलेले नव्हते. दोनच महिन्यांनी तो पदच्युत झाला. रशियन राज्यक्रांतीची कारणे सांगताना इतिहासकार शेतकरी, कामगार आणि युद्ध यांना अग्रस्थान देतात, ते योग्यच आहे. परंतु तीनशे वर्षांचे सिंहासन कोसळताना त्याला हात देण्यास एकही नातलग पुढे का झाला नाही, याचे उत्तर मात्र राजवाड्याच्या आत शोधावे लागते. आपल्या भाषेत त्याला भाऊबंदकी हा एकच शब्द पुरेसा आहे.

नोव्हेंबर १८९४ मध्ये निकोलस गादीवर आला तेव्हा तो २६ वर्षांचा होता. व्लादिमिर, अलेक्सेइ, सेर्गेइ आणि पावेल हे त्याचे चार काका दरबारात वजन राखून होते. पित्याच्या निधनानंतर महिन्याच्या आतच त्याने हेसच्या राजकन्येशी विवाह केला. तीच सम्राज्ञी अलेक्झांड्रा. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची ही नात बुजरी, धार्मिक आणि हट्टी होती. त्यात रशियन दरबारात सम्राटाच्या पत्नीहून राजमातेचा मान वरचा असे. समारंभात राजमाता मारिया फ्योदोरोव्हना मुलाचा हात धरून पुढे चालायची आणि सूनबाई मागून एखाद्या काकांच्या सोबतीने यायची. संस्थानी नगरांत वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकांना मानपान म्हणजे काय आणि त्याचे काटे किती खोल रुततात, हे निराळे सांगावयास नको.

अलेक्झांड्राने राजधानीचे मेजवान्यांचे जीवन हळूहळू सोडून दिले आणि पतीसह ती त्सारस्कोये सेलो येथे राहू लागली. रिकामी झालेली जागा मारिया पाव्लोव्हनाने भरून काढली. मेक्लेनबुर्गच्या या जर्मन राजकन्येला माणसे सांभाळण्याची, चहाड्या ऐकण्याची आणि वेळ आल्यास पेरण्याचीही कला अवगत होती. परराष्ट्रांचे वकील, सेनाधिकारी, कलावंत तिच्या दिवाणखान्यात जमत. तो जणू प्रतिदरबारच झाला.

यामागे केवळ हेवा नव्हता. झार पॉलने १७९७ मध्ये घातलेल्या वारसा-कायद्याप्रमाणे पुरुषवंश शिल्लक असेपर्यंत स्त्रीला गादी मिळत नसे. निकोलसला प्रथम चार मुलीच झाल्या. १९०४ मध्ये युवराज अलेक्सेइ जन्मला. पण त्याला रक्त न गोठण्याचा हिमोफिलिया हा विकार होता आणि तो जनतेपासून लपवून ठेवण्यात आला. त्याच्यानंतर क्रम होता झारचा धाकटा भाऊ मिखाइल याचा, आणि त्यानंतर थेट मारिया पाव्लोव्हनाच्या घराचा. एक आजारी मूल आणि एक अविवाहित पुतण्या, एवढेच अंतर तिचा थोरला मुलगा किरिल आणि सिंहासन यांच्यात होते.

१९०५ मध्ये याच किरिलने बव्हेरियात गुपचूप विवाह केला. वधू व्हिक्टोरिया मेलिता ही त्याची सख्खी आतेबहीण; म्हणजे रशियन धर्मसंस्थेला असा विवाह निषिद्ध. शिवाय ती घटस्फोटित होती, आणि तिचा पहिला पती म्हणजे सम्राज्ञी अलेक्झांड्राचा सख्खा भाऊ! अलेक्झांड्राला हा माहेरचा अपमान वाटला. पोर्ट आर्थरजवळ बुडालेल्या ‘पेत्रोपाव्लोव्स्क’ युद्धनौकेतून जेमतेम वाचलेल्या किरिलचा नौदलातील हुद्दा काढून घेण्यात आला आणि त्याला देशाबाहेर राहण्याचा हुकूम झाला. संतापलेल्या व्लादिमिरने आपल्या सेनापतिपदाचा राजीनामा दिला. पुढे विवाहास मान्यता मिळून किरिल परतला, पण मने सांधली गेली नाहीत.

याआधी १९०२ मध्ये पावेल काकांनी एका घटस्फोटित स्त्रीशी लग्न केले म्हणून त्यांनाही हद्दपार करण्यात आले होते. पॅरिसमध्ये अशा बायकांसह राजकुटुंबाची एक वसाहतच होऊन बसेल, अशी भीती निकोलसने आईला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली होती. पावेलचा मातृहीन मुलगा त्या वेळी अकरा वर्षांचा होता. त्याला व त्याच्या बहिणीला सेर्गेइ काकांच्या घरी ठेवण्यात आले. १९०५ मध्ये सेर्गेइ बाँबहल्ल्यात मारले गेले आणि मुलगा झारच्या कुटुंबात जवळजवळ पुत्रासारखा वावरू लागला. हाच तो दिमित्री.

निकोलसची बाजू येथे समजून घेतली पाहिजे. कुटुंबप्रमुख या नात्याने नियम पाळणे त्याचे कर्तव्यच होते. दुर्दैव असे की नियम सर्वांना सारखा लागला नाही. १९०७ मध्ये मॉंटेनेग्रोची राजकन्या अनास्तासिया हिने पतीपासून घटस्फोट घेऊन निकोलाय निकोलायेविच या ग्रँड ड्यूकशी लग्न केले. तिची बहीण मिलित्सा ही निकोलायच्या भावाचीच पत्नी. दोन सख्ख्या भावांनी दोन सख्ख्या बहिणी करणे तेथील धर्मनियमात बसत नव्हते. तरीही झारने संमती दिली, कारण या भगिनी तेव्हा सम्राज्ञीच्या अंतःस्थ मैत्रिणी होत्या. रासपुतिनला राजवाड्याची वाट दाखविणाऱ्याही याच दोघी. पुढे त्यांचेच सम्राज्ञीशी बिनसले.

१९१२ च्या शरदात युवराज पोलंडमधील स्पाला येथे मृत्यूशी झुंजत असतानाच मिखाइलने व्हिएन्नात दोनदा घटस्फोट झालेल्या नातालियाशी विवाह उरकला. पुतण्या दगावला तर आपण युवराज होऊ आणि मग हे लग्न कधीच होऊ दिले जाणार नाही, असा त्याचा हिशेब होता. त्यालाही हद्दपारी मिळाली. महायुद्ध सुरू झाल्यावरच तो परत येऊ शकला.

रासपुतिनची कथा सर्वपरिचित आहे, ती येथे विस्ताराने सांगत नाही. सप्टेंबर १९१५ मध्ये झारने निकोलाय निकोलायेविचला सरसेनापतिपदावरून दूर करून ते स्वतःकडे घेतले आणि तो मोगिल्योव्हच्या छावणीत जाऊन राहिला. राजधानीत मंत्र्यांच्या नेमणुका सम्राज्ञीच्या सल्ल्याने होऊ लागल्या. मारिया पाव्लोव्हनाने १९१६ च्या आरंभी एक शेवटचा डाव टाकून पाहिला. आपला दुसरा मुलगा बोरिस याच्यासाठी तिने झारची थोरली मुलगी ओल्गा हिला मागणी घातली. बोरिस ओल्गाहून अठरा वर्षांनी मोठा होता आणि त्याचे रंगेल आयुष्य सर्वांना ठाऊक होते. अलेक्झांड्राने मागणी धुडकावली. कोणतीही आई हेच करती. ड्यूमाचा अध्यक्ष रोद्झियान्को याने आठवणींत लिहिले आहे की, पुढे एका भोजनप्रसंगी मारिया पाव्लोव्हनाने सम्राज्ञीला नाहीसे करण्याची भाषा त्याच्यासमोर काढली. हे ऐकलेच नाही असे मी समजतो, असे म्हणून त्याने वेळ मारून नेली.

इकडे अलेक्झांड्रा पतीला पत्रांतून कणखर होण्याचा आग्रह करीत होती. डिसेंबर १९१६ मधील एका पत्रात तिने त्याला महान पीटर, क्रूर इव्हान आणि सम्राट पॉल यांच्यासारखे वागण्यास सांगितले. त्यांतील पॉलचा १८०१ मध्ये त्याच्याच दरबाऱ्यांनी शयनगृहात गळा आवळला होता, याचे स्मरण तिला झाले नसावे. या पत्रानंतर तीनच दिवसांनी, ३० डिसेंबरच्या पहाटे, मोइका कालव्यावरील युसुपॉव्ह प्रासादात रासपुतिनचा खून झाला. फेलिक्स युसुपॉव्ह हा झारच्या भाचीचा नवरा, आणि त्याच्यासोबत होता दिमित्री. सम्राज्ञीने परस्पर दिमित्रीला नजरकैदेत ठेवविले. ग्रँड ड्यूकच्या अटकेचा अधिकार फक्त झारचा, म्हणून घराणे आणखी खवळले. नंतर इराणचा हुकूम सुटला, आणि त्यातून तो सोळा सह्यांचा अर्ज निघाला.

मार्च १९१७ मध्ये पेत्रोग्राद पेटले. १४ तारखेला, निकोलस अद्याप झार असताना, किरिल आपल्या नौदल-रक्षकांची तुकडी घेऊन ड्यूमाच्या इमारतीपाशी हजर झाला. त्याच दलाचे सैनिक त्सारस्कोये सेलो येथे सम्राज्ञी आणि गोवराने आजारी मुलांच्या पहाऱ्यावर होते. तेही निघून गेले. दुसऱ्या दिवशी प्स्कोव्ह येथे निकोलसने राज्यत्याग केला. मुलाच्या आजाराविषयी डॉक्टरांशी बोलल्यावर त्याने युवराजाच्या वतीनेही हक्क सोडला आणि मिखाइलला वारस नेमले. वारसा-कायद्यात अशी तरतूद नव्हती. कायद्यापायी भाऊ, काका, चुलतभाऊ यांना देशाबाहेर काढणाऱ्या या माणसाने पोटच्या पोरासाठी तो प्रथमच बाजूला ठेवला. मिखाइलला आधी कोणी विचारलेही नव्हते. लोकांच्या घटना समितीने देऊ केल्याशिवाय सत्ता घेणार नाही, असे त्याने १६ मार्चला लिहून दिले.

मिखाइलला जून १९१८ मध्ये पेर्म येथे, आणि निकोलस व त्याच्या कुटुंबाला जुलैमध्ये येकातेरिनबुर्ग येथे ठार करण्यात आले. किरिल फिनलंडमार्गे निसटला आणि १९२४ मध्ये त्याने परदेशात बसून स्वतःस सम्राट घोषित केले. मारिया पाव्लोव्हना १९२० मध्ये काळ्या समुद्रावरील नोव्होरोसिस्क बंदरातून निघाली आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये वारली. प्रासादातील तिचे जडजवाहीर एका इंग्रज स्नेह्याने आधीच बाहेर काढले होते. त्यातील मोत्यांचा हिरेजडित मुकुट इंग्लंडच्या मेरी राणीने विकत घेतला.

त्या अर्जावर सही करणाऱ्या सोळांपैकी सहा जण बोल्शेविकांच्या हातून मारले गेले. अलापायेव्स्क येथे चौघांचा अंत झाला. पेत्रोग्रादच्या किल्ल्यात जानेवारी १९१९ मध्ये गोळ्या घातल्या गेलेल्यांत दिमित्रीचे वडील पावेल होते. ज्याच्या जिवासाठी अर्ज केला तो दिमित्री क्रांतीच्या वेळी इराणात होता. तेथून तो इंग्रजांच्या आश्रयाने सुखरूप बाहेर पडला आणि १९४२ मध्ये स्वित्झर्लंडमधील दावोस येथे वारला.