घरगुती सर्व्हरचे अद्ययावतीकरण : आधी बूटलोडर, मग लिनक्स

कुटुंबाची छायाचित्रे आणि कागदपत्रांच्या प्रती एका जागी ठेवण्यासाठी रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक अनेक जण सर्व्हर म्हणून वापरतात. तो वर्षानुवर्षे विनातक्रार चालतो आणि नेमके म्हणूनच त्याच्या अद्ययावतीकरणाकडे दुर्लक्ष होते.

वीज सुरू झाल्यावर लिनक्सला स्मृतीत आणून कामाला लावतो तो बूटलोडर. पाय ३ पर्यंत तो मेमरी कार्डावर असे. जून २०१९ मध्ये आलेल्या पाय ४ मध्ये त्याला बोर्डावरील स्वतंत्र चिपमध्ये स्थान मिळाले. साहजिकच कार्ड बदलले तरी बूटलोडर जुनाच राहतो. आरंभीच्या पाय ४ ला यूएसबी डिस्कवरून सुरू होता येत नसे. ती सोय २०२० मध्ये नव्या बूटलोडरने दिली. सततच्या लेखनाने कार्डे झिजतात, हे पाहता एवढ्या एका कारणासाठीही तो बदलणे योग्य ठरते.

प्रथम डेटाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि त्यातील काही फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप मानू नये. त्यानंतर चालू प्रणालीतूनच बूटलोडर अद्ययावत करण्याची आज्ञा द्यावी. प्रत्यक्ष लेखन यंत्र पुन्हा सुरू होताना घडते. त्या क्षणी वीज जाता कामा नये. गेलीच, तरी यंत्र निकामी होत नाही. ‘रास्पबेरी पाय इमेजर’ वापरून दुरुस्तीचे कार्ड तयार करावे आणि ते घालून यंत्र सुरू करावे. हिरवा दिवा एकसारखा लुकलुकू लागला की बूटलोडर पूर्ववत झाला.

लिनक्सची मुख्य आवृत्ती चालू कार्डावरच बदलू नये, असा निर्मात्यांचाच सल्ला आहे. नव्या कार्डावर नवी प्रणाली घालावी. जुन्या सेटिंगच्या फायली मात्र डोळे मिटून उतरवू नयेत. डेबियन १२ वर आधारलेल्या आवृत्तीपासून बूट विभागाची जागा बदलली असून नेटवर्कचा कारभार ‘नेटवर्कमॅनेजर’कडे गेला आहे, जुन्या पद्धतीने नेमलेला स्थिर आयपी पत्ता तेथे लागू होत नाही आणि सर्व्हर घरातल्या घरात हरवतो. एप्रिल २०२२ पासून ‘पाय’ हा ठरलेला वापरकर्ताही मिळत नाही. पडदा न जोडता चालवायचे असल्यास वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि एसएसएच इमेजरमध्येच ठरवून घ्यावे.

जुने कार्ड निदान महिनाभर पुसू नये. काही अडलेच, तर ते परत घालताच जुनी प्रणाली नव्या बूटलोडरवरही सुरू होते.