मदर मारियानचे पस्तीस नाताळ

नाताळ तोंडावर आलाय. वसईत, गोव्यात, नगरकडच्या गावांत आपल्या ख्रिस्ती मैत्रिणींच्या घरी फराळाची गडबड चालू असेल, पोरं गोठ्याचा देखावा करत असतील. सण कुठलाही असो, त्या दिवशी आपलं माणूस घरात असावं असं वाटतं. दिवाळीला माहेरी जाणं झालं नाही तर आपलाच जीव कसा होतो, ते वेगळं सांगायला नको.

आज मी सांगणार आहे ती पस्तीस नाताळ घरापासून लांब काढलेल्या एका बाईची गोष्ट. आणि तिच्या आजूबाजूच्या बायकांचीही. ही बाई आपल्या मनानं गेली होती. त्या बायकांना मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

तिचं जन्माचं नाव बार्बरा. जन्म १८३८ सालचा, जर्मनीतला. ती लहान असतानाच आईवडील पोट भरायला अमेरिकेत आले. पुढे वडील आजारी पडले, तेव्हा शाळा सोडून बार्बरा कारखान्यात कामाला लागली. नन व्हायचं तिच्या मनात कधीपासूनचं होतं, पण भावंडं मोठी होईपर्यंत ती थांबली. १८६२ साली ती सिरॅक्यूज गावातल्या संत फ्रान्सिस यांच्या पंथात गेली. तिथं तिचं नाव मारियान झालं. पुढे त्यांनी दवाखाने उभे केले, चालवले, आणि त्या पंथाच्या प्रमुख झाल्या. त्यांना सगळे मदर मारियान म्हणू लागले.

१८८३ साली त्यांच्याकडे एक पत्र आलं. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवरून, तिथल्या राजाच्या वतीनं. बेटांवर कुष्ठरोग पसरलाय, रोग्यांची सेवा करायला बायका हव्यात, असं त्यात लिहिलं होतं. त्या काळी या रोगाला औषध नव्हतं. पन्नासच्या वर संस्थांनी नकार दिला होता. मदर मारियान यांनी होकार दिला. त्या स्वतः सहा सिस्टरना घेऊन निघाल्या. आधी आगगाडी, मग समुद्र. ८ नोव्हेंबर १८८३ ला होनोलुलू बंदरात उतरल्या. त्यांचं वय तेव्हा पंचेचाळीस. विचार असा होता, की सिस्टरांचं बस्तान बसवायचं आणि आपण माघारी जायचं.

सहा-सात आठवड्यांतच नाताळ आला. सिरॅक्यूजला नाताळात बर्फ पडतं, शेगडीजवळून उठवत नाही. इथं नारळाची झाडं, उबदार वारा. गोठ्याचा देखावा तर त्यांच्या पंथाचा खास जिव्हाळ्याचा. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात नाताळच्या रात्री खरी गव्हाण मांडून, बैल आणि गाढव उभं करून तो सोहळा केला होता. बाळाला घरात जागा मिळाली नाही, म्हणून गोठ्यात ठेवावं लागलं, अशी ती गोष्ट. आणि या सिस्टरांच्या भोवती होती ती घरातून बाहेर काढलेलीच माणसं.

ही माणसं बाहेर कशी पडली, तेही ऐका. हवाईत १८६५ साली कायदा झाला, की कुष्ठरोग झालेल्याला वेगळं ठेवायचं. १८६६ पासून अशा माणसांना मोलोकाई बेटाच्या एका टोकाला नेऊन सोडू लागले. त्या जागेच्या तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला उभा कडा. पळून जायला वाट नाही. लेकराला आईपासून, नवऱ्याला बायकोपासून तोडून नेलं जाई. काही घरांतली धडधाकट माणसं आपल्या रोगी माणसामागं स्वतःहून गेली. त्यांना तिथं ‘कोकुआ’ म्हणत, म्हणजे साथ देणारा.

मदर मारियान यांनी पहिली पाच वर्षं होनोलुलूकडं काढली. घाणीनं आणि गर्दीनं भरलेला दवाखाना घासूनपुसून स्वच्छ केला. आईबापांना हा रोग झाला, की त्यांच्या निरोगी मुलींचं काय करायचं, हा मोठा प्रश्न होता. राणी कापिओलानी यांच्या नावानं १८८५ साली त्या मुलींसाठी घर सुरू झालं, ते या सिस्टरांनीच सांभाळलं.

मग सरकार बदललं. रोग्यांना पुन्हा मोलोकाईला धाडायचं ठरलं. तिथं फादर डेमियन कित्येक वर्षं सेवा करत होते, पण आता त्यांनाच तो रोग झाला होता. तिथल्या एकट्या बायका आणि मुली फार असुरक्षित होत्या. त्यांच्यासाठी मदर मारियान १४ नोव्हेंबर १८८८ ला दोन सिस्टरांसह कालाउपापा या वस्तीवर उतरल्या. पुन्हा नोव्हेंबर, आणि पुन्हा महिन्याभरावर नाताळ. पुढच्या एप्रिलमध्ये फादर डेमियन गेले. मदर मारियान यांचं माघारी जाणं राहिलं ते राहिलंच.

त्यांनी काय केलं? मुलींसाठी वेगळं घर चालवलं. झाडं लावली, बाग केली. हात धुण्याचा नियम कडक पाळायला लावला. आणि एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी मुलींसाठी चांगले कपडे शिवले, मुलींनाही शिवण शिकवलं. मरायला आणून टाकलेल्या पोरींनी नीटनेटकं का राहायचं, असं कुणी म्हणालं असतं. पण अंगावर स्वतःच्या मापाचा कपडा आला, की आपण अजून माणसात आहोत असं वाटतं. आपण बायकांना हे कळतं.

मदर मारियान ९ ऑगस्ट १९१८ ला तिथंच वारल्या. वय ऐंशी. १८८३ ते १९१७ असे पस्तीस नाताळ त्यांनी हवाईत काढले. त्यांना किंवा त्यांच्या सिस्टरांपैकी कुणाला हा रोग झाला नाही. माणसं धाडण्याचा तो कायदा मात्र १९६९ पर्यंत चालू होता. शंभर वर्षांत सुमारे आठ हजार जणांना तिथं नेलं गेलं.

मैत्रिणींनो, हे फक्त लांबच्या बेटावर घडलं असं समजू नका. मी लहान असताना आमच्या गावात एक मावशी शेताच्या कडेला झोपडीत राहायच्या. त्यांची भाकरी दगडावर ठेवून माणसं मागं फिरायची. दिवाळीचा फराळसुद्धा असाच दगडावर. मीही तो ठेवलाय, आणि न बोलता पळत आलेय. त्याची लाज अजून वाटते. आपल्या देशात नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला, तर त्या कारणानं घटस्फोट मागता येत होता. ते कारण कायद्यातून २०१९ साली काढलं गेलं.

आज या रोगाला औषध आहे. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने ते वर्षभर घ्यावं लागतं. गोळ्या सुरू झाल्या, की लवकरच दुसऱ्याला लागण होण्याचा धोका संपतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथं स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. आशाताईंना दाखवा. लवकर औषध घेतलं तर हातपाय वाकडे होत नाहीत.

मदर मारियान यांना माघारी जाता आलं असतं, त्या राहिल्या. आपल्याला तर बेटावर जायचंही नाही. या सणाला आपल्या वाडीत कुणी वेगळं बसवलेलं असेल, तर ताट घेऊन जा, आणि दगडावर ठेवू नका. शेजारी बसा.

येते मी. नमस्कार.