घरकीड व परसकीड : झाडीतल्या वस्तीतील प्रतिबंध

घरात, अंगणात किंवा परसात राहून लाकूडफाटा, धान्य, बागेतली झाडे आणि माणसाची प्रकृती यांना उपद्रव देणारे कीटक, विंचू-गोचिडांसारखे जीव, गोगलगायी आणि उंदीर या सगळ्यांचा विचार या नोंदीत एकत्र केला आहे. नोंद आहे ती झाडीत वसलेल्या पण शहराला जोडलेल्या वस्त्यांपुरती. ठाण्याला लागून असलेले येऊर, कर्जत-बदलापूरचा पट्टा, अलिबागकडच्या वाड्या, मुळशी-पानशेतची बाजू ही तिची ठळक उदाहरणे. इथे जुनी कौलारू घरे आहेत, तशीच शनिवार-रविवारी उघडणारी आणि एरवी कुलूप लागलेली बंगल्यांची रांगही आहे.

रान शेजारी म्हणून कीड घरात येते, असे नव्याने राहायला आलेल्यांना वाटते. मग कुंपणापलीकडची झुडपे छाटणे आणि महिन्याला फवारणी करणे सुरू होते. खरे तर रानात किडीला खायला-राहायला हवे ते मिळतेच. ती घराकडे वळते ती भिंतीला टेकलेले सरपण, गळका नळ, उघडी टाकी आणि जोत्याला लागलेली ओली माती यांच्या ओढीने. म्हणून प्रतिबंधाचे काम फवारणीवाल्यापेक्षा गवंडी, प्लंबर आणि माळी यांच्याकडे जास्त असते.

वाळवीवरून हे चांगले कळते. महाराष्ट्रात घरांना त्रास देणाऱ्या बहुतेक जाती जमिनीखाली वसाहत करतात. ओडोन्टोटर्मिस वंशातली वाळवी वारुळाच्या पोटात बुरशी वाढवते आणि तिच्यावर जगते. लाकूड, पाचोळा, कागद हा त्या बुरशीचा कच्चा माल. वाळवीचे अंग मऊ असते आणि उघड्या हवेत ती लवकर सुकते. त्यामुळे मातीतून लाकडापर्यंत जायला ती माती व लाळ कालवून पेन्सिलीएवढ्या जाडीचे बोगदे बांधत जाते. जोत्यावर, नळाच्या पाइपाशेजारी, दाराच्या चौकटीच्या खालच्या टोकाला हे बोगदे आधी दिसतात. दिसला की केरसुणीने सगळा झाडून टाकायचा मोह होतो, पण तसे करू नये. वाळवी दुसरीकडून वाट काढते आणि मूळ वाट कुठली, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. बोगद्याचा चिमटीएवढा तुकडा काढावा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहावे. भगदाड ओल्या मातीने बुजवलेले असेल तर रहदारी चालू आहे. कोरडे, उघडेच राहिले असेल तर ती वाट बहुधा सोडून दिलेली आहे.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्यावर झुंबड उडते ती पंख फुटलेल्या वाळवीची. ती बाहेरून येत असेल तर अर्धा तास दिवे मालवले की पुरते. पण खिडक्या बंद असताना आतल्या कट्ट्यावर सारख्या आकाराच्या पंखांचा ढीग सापडला, तर वसाहत घराखालीच असल्याची ती खूण समजावी.

बांधकाम चालू असतानाच पायाच्या मातीवर औषध घालण्याची पद्धत भारतीय मानक आयएस ६३१३ मध्ये सविस्तर दिली आहे. क्लोरपायरिफॉस १ टक्का किंवा इमिडाक्लोप्रिड ०.०७५ टक्के या प्रमाणातले पाणी पायाच्या खड्ड्यांत, जोत्याच्या भरावावर आणि इमारतीच्या चारी बाजूंच्या मातीत मुरवले जाते. पूर्वी या कामाला आल्ड्रिन आणि क्लोरडेन सर्रास वापरत. १९९६ मध्ये दोन्हींवर देशात बंदी आली. बांधून झालेल्या घरात भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे साधारण फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोके पाडून औषध सोडतात आणि भोके बुजवतात. या औषधाची भिंत मातीत उभी असते, ही गोष्ट मालक विसरतात. दोन वर्षांनी कोणी हौसेने बाहेरच्या भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा केला, नवी माती जोत्याच्या वर चढवली की वाळवीला औषधावरून चालत जायला पूल मिळतो. बंगल्यांच्या बागा आखणारे हा घोळ वारंवार घालतात. भिंतीपासून दीड-दोन फुटांचा पट्टा खडी टाकून उघडा ठेवावा, तिथे पाणी साचू देऊ नये, आणि जोत्याचा निदान अर्धा फूट भाग नेहमी नजरेला पडेल असा असावा.

लाकडाची निवडही महत्त्वाची. सागाच्या आणि फणसाच्या गाभ्याचे लाकूड वाळवीला सहजी दाद देत नाही; आंबा, सावर यांचा मात्र ती फडशा पाडते. सागाचाही गाभ्याबाहेरचा फिकट भाग सुरक्षित नसतो, त्यामुळे ‘सागवानी’ म्हणून घेतलेल्या स्वस्त फळ्या पोखरल्या गेल्या तर नवल नाही. कोकणात वाशांना आणि होड्यांना काजूच्या टरफलाचे तेल लावतात, तो उपाय चांगला आहे. फक्त ते तेल कातडीवर पडले तर फोड येतात, एवढे ध्यानात ठेवावे. बांबूच्या कुंपणाखाली पिठासारखा बारीक भुसा पडू लागला तर ते काम वाळवीचे नसून छोट्या भुंगेऱ्यांचे असते. बांबूतल्या पिष्टावर ते जगतात. ताजा तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत हे पिष्ट धुऊन काढते. आजकाल बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात तो मुरवतात.

बंद घराची तऱ्हा वेगळी. नहाणीच्या जाळीखाली, ज्याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात, त्या वाकड्या भागात नेहमी थोडे पाणी साचलेले असते. ते पाणी म्हणजे गटार आणि घर यांच्यामधले दार. उन्हाळ्यात घर दोन-तीन महिने बंद राहिले की पाणी उडून जाते, दार उघडे पडते आणि मोठी तांबडी झुरळे रांगेने वर येतात. घर उघडल्यावर आधी सगळीकडे फवारा मारला जातो आणि पाणी नंतर सोडले जाते; क्रम उलटा हवा. निघण्यापूर्वी प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतावे, वर चमचाभर खाद्यतेल सोडावे म्हणजे पाणी लवकर उडत नाही, आणि जाळीवर पालथी थाळी ठेवावी. स्वयंपाकघरातल्या लहान, फिकट झुरळांचा मार्ग निराळा. ती बहुधा किराण्याच्या खोक्यांतून आणि जुन्या फ्रिजमधून येतात, तेव्हा पुठ्ठ्याची खोकी घरात साठवू नयेत.

डासांच्या बाबतीत झाडीतल्या घरांना शहरापेक्षा एक जादा काळजी करावी लागते. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारा एडिस इजिप्ती स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, तसाच त्याचा रानाकडचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस झाडाच्या ढोलीत, कापलेल्या बांबूच्या बुडख्यात आणि करवंटीतही वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा तो यासाठीच. मात्र भांडे नुसते पालथे करून भागत नाही. एडिसची अंडी कडेला चिकटलेली असतात, ती कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागले की फुटतात. भांडे काथ्याने घासावे लागते. ढोलीत वाळू भरावी, बांबू पेराच्या अगदी वरच कापावा म्हणजे पेला तयार होत नाही, सेप्टिक टाकीच्या व्हेंट पाइपाला बारीक जाळी बांधावी, विहिरीत गप्पी मासे सोडावेत. पाइपाची जाळी हा चाळीस-पन्नास रुपयांचा उपाय आहे आणि तोच सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो.

विंचवाचा विषय निघाला की महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांचे नाव येतेच. कोकणातला लाल विंचू चावला की हृदयावर आणि फुप्फुसांवर परिणाम होऊन, विशेषतः लहान मुले दगावत. बावसकरांनी १९७० च्या दशकापासून महाड परिसरात अशा रुग्णांच्या लक्षणांचा माग काढला. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुढे रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध त्यांनी या विषबाधेवर वापरले आणि मृत्यू फार कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रतिबंधाचा भाग त्यामानाने साधा. जांभ्या चिऱ्यांची रास, कौलांचा ढीग, गोणपाट आणि लाकडाची चळत घरापासून दूर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवावी. बाज भिंतीपासून सुटी असावी, अंथरूण जमिनीवर लोळू नये, बूट झटकल्याशिवाय पाय घालू नये. रात्री अतिनील टॉर्च मारली तर विंचू हिरवट चमकतो. परसातली त्यांची संख्या अजमावायला हा मार्ग सोपा आहे आणि मुलांना तो भलताच आवडतो, पण पायांत बूट हवेत.

गोचीड पूर्वी गोठ्यापुरती मानली जाई. माकडतापाने ती समजूत मोडली. गोचिडीच्या चाव्यातून पसरणारा हा विषाणुज्वर १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर रानाजवळ ओळखला गेला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याचे रुग्ण आढळले. काजूच्या बागेत काम करणारे, रानातून पातेरा आणि लाकूड आणणारे यांना धोका जास्त. मोसम साधारण डिसेंबर ते मे. या पट्ट्यात रानातला पातेरा थेट अंगणात किंवा गोठ्यात पसरू नये, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुवावेत. कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने डेपा नावाचे अंगाला लावायचे तेल गावोगाव वाटले आहे. जवळपास मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.

उंदरांसाठी मापे पाठ असावीत. लहान घरउंदीर ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतो, म्हणजे दाराखाली पेन्सिल सरकत असेल तर तोही सरकतो. दाराला खाली रबरी पट्टी किंवा पत्रा, पाइपाभोवतीच्या भोकात सिमेंट, झडपांना लोखंडी जाळी हे तीन उपाय एका दिवसात होतात. काळे उंदीर मात्र झाडावरून येतात. छपरावर लोंबणाऱ्या फांद्या छाटून मीटर-दोन मीटरचे अंतर ठेवावे, आणि माडाच्या खोडाला माणसाच्या उंचीवर पत्र्याचा गुळगुळीत पट्टा ठोकावा. नारळ तर वाचतातच, शिवाय वाटही तुटते. हे प्रकरण निव्वळ नासधुशीचे नाही. उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. पावसाळ्यात अंगणातल्या चिखलातून अनवाणी चालणे टाळावे.

परसातल्या पावसाळी पाहुण्यांत आफ्रिकी शंखी गोगलगाय सर्वांत चिवट. १८४७ मध्ये ती कोलकात्याला आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. २०२२ च्या खरिपात लातूर-बीडकडे तिने कोवळे सोयाबीन फस्त केले. बागांत ती पपई, झेंडू, भाजीपाला सोडत नाही. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी वाफ्यात पसरले की सकाळी त्याखाली गोगलगायी गोळा झालेल्या सापडतात. त्या हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्यात बुडवाव्यात, कारण त्यांच्यातून मेंदूला सूज आणणारा जंत पसरू शकतो. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात केसाळ सुरवंटांचे थवे बसतात. केस अंगाला लागले की खाज सुटते. शेवगा खिडकीजवळ आणि पाण्याच्या टाकीवर झुकेल असा लावू नये, एवढीच खबरदारी पुरते.

आग्या मधमाश्यांचे पोळे ही कीड नव्हे. त्याला धूर किंवा औषध मारण्याऐवजी प्रशिक्षित मधपाळ बोलवावा. महाबळेश्वरच्या मधसंचालनालयाकडून असे लोक तयार होतात. तिथून जवळच्या मांघर गावाला २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित केले गेले, त्यामुळे या परिसरात मधमाशीची कदर वाढली आहे. पाल, बेडूक, धामण आणि घुबड यांनाही घालवू नये. किडीवर ती फुकट काम करतात, आणि सरसकट फवारणीत सर्वांत आधी तीच मरतात किंवा निघून जातात.

फवारायचेच झाले तर डबीवरचा चौकोन पाहावा. त्यातला खालचा त्रिकोण तांबडा असेल तर विष अतिजहाल, पिवळा जहाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. कीटकनाशक कायदा १९६८ खालच्या नियमांनी हे रंग ठरवले आहेत. एकेकाळी घराघरांत वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले आहे, तरी जुन्या बाटल्या माळ्यावर सापडतात. धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात मुळीच ठेवू नयेत. ओलाव्याने त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. औषध पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवू नये. विषबाधा झालीच तर रुग्णासोबत मूळ डबी किंवा तिचे लेबल दवाखान्यात न्यावे. विष कोणते आणि उतारा काय, हे त्या लेबलावर छापलेले असते.