ऑटोमेटेड टेस्टमध्ये टूल्सची टेलिमेट्री कशी बंद करायची?

बेळगाव असो, इंदूर असो की वडोदरा, आपल्याकडची बरीच मुलं आता घरी बसून बाहेरच्या क्लायंटचं सॉफ्टवेअर लिहितात. कामाची माहिती बाहेर जाता कामा नये, असं कलम करारात असू शकतं. पण आपण वापरतो ती टूल्स स्वतःच काही माहिती बाहेर पाठवतात, हे पटकन ध्यानात येत नाही.

टेलिमेट्री म्हणजे काय?

कोणती कमांड चालवली, ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, टूलची आवृत्ती कोणती, अशी नोंद टूल बनवणाऱ्यांकडे जाते. टूल सुधारायला ती उपयोगी पडते. डॉटनेट, नेक्स्ट जेएस आणि होमब्रू यांत ती मुळातच चालू असते. नको असेल तर आपणच बंद करायची. गो भाषेसाठी २०२३ मध्ये असाच प्रस्ताव आला, तेव्हा प्रोग्रामर मंडळींनी विरोध केला. आता गोच्या नोंदी आपल्याच मशीनवर राहतात, परवानगी दिली तरच वर जातात.

चूक कुठे होते?

लॅपटॉपवर बंद करण्याची कमांड एकदा दिली की सेटिंग त्याच मशीनवर साठते. गिटहब ॲक्शन्सच्या होस्टेड रनरवर मात्र प्रत्येक जॉबला नवं कोरं मशीन मिळतं. तिथे तुमची सेटिंग नसते, आणि पहिल्या वेळी छापलेली सूचना वाचायला कोणी बसलेलं नसतं. म्हणून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाइपलाइनच्या फाईलमध्येच लिहायचं.

व्हेरिएबलची नावं (टाइप करताना रोमन मोठी अक्षरं, शब्दांमध्ये अंडरस्कोर)

- डॉटनेट: डॉटनेट_सीएलआय_टेलिमेट्री_ऑप्टआउट = १
- पॉवरशेल: पॉवरशेल_टेलिमेट्री_ऑप्टआउट = १
- नेक्स्ट जेएस: नेक्स्ट_टेलिमेट्री_डिसेबल्ड = १
- होमब्रू: होमब्रू_नो_ॲनालिटिक्स = १
- अँग्युलर: एनजी_सीएलआय_ॲनालिटिक्स = फॉल्स

शेवटचं नीट बघा. बाकीची नावं ‘बंद करा’ म्हणतात, म्हणून १. अँग्युलरचं नाव नुसतं ‘ॲनालिटिक्स’ आहे, म्हणून तिथे फॉल्स.

हेही लक्षात ठेवा

- टूल पहिल्यांदा चालण्याआधी व्हेरिएबल सेट झालेलं पाहिजे.
- डॉकरमध्ये बिल्ड होत असेल तर बाहेरचं व्हेरिएबल आपोआप आत जात नाही. डॉकरफाईलमध्ये ‘एन्व्ह’ची ओळ वेगळी लिहा.
- ‘डू_नॉट_ट्रॅक = १’ असा एकच सामाईक उपाय सुचवला गेला आहे, पण सगळी टूल्स तो मानत नाहीत. एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका.
- टेलिमेट्री बंद झाली तरी पॅकेज डाउनलोड वगैरे चालूच राहतं.

खात्री कशी करायची?

जॉबमध्ये ‘प्रिंटएन्व्ह’ चालवून व्हेरिएबल पोहोचलं का ते बघा. नेक्स्ट जेएससाठी ‘नेक्स्ट टेलिमेट्री स्टेटस’ ही कमांड आहे. नेमकं काय जातं हे बघायचं असेल, तर नेक्स्ट_टेलिमेट्री_डीबग = १ द्या; माहिती बाहेर न पाठवता स्क्रीनवर छापली जाते. नवं टूल जोडलं की ही तपासणी पुन्हा करा. करारावर सही आपली असते, टूल बनवणाऱ्याची नव्हे.