टी. पी. एस.चं जर्मन आजोळ

माहीम, वांद्रे, सांताक्रूझ, पार्ले या भागांतल्या जुन्या इमारतींचे कागद चाळले, की सिटी सर्व्हे नंबरच्या जोडीला आणखी एक नंबर भेटतो: फायनल प्लॉट अमुक, टी. पी. एस. तमुक. पुण्यात भांबुर्डा, एरंडवणे, संगमवाडी इथल्या कागदांवरही तोच प्रकार. बोरिवलीत तर चक्क टी. पी. एस. रोड आहे. त्यावरून रोज भाजी घेऊन घरी जाणाऱ्यांपैकी किती जणांना ती तीन अक्षरं कशाची हे ठाऊक असेल, शंकाच आहे. टी. पी. एस. म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम. सरकारी मराठीत नगररचना परियोजना. शहराचा वीस वर्षांपुढचा आराखडा कागदावर काढता येतो, पण जमीन लोकांच्या मालकीची असते. तो आराखडा या जमिनीवर उतरवायला आपल्याकडे जी हत्यारं आहेत, त्यांतलं हे एक फार जुनं हत्यार.

मी त्याच्या नादी लागलो तो एका अहवालाच्या मथळ्यामुळे. अहवाल 1913चा, छापला मुंबईत, लिहिला बी. डब्ल्यू. किसन यांनी, आणि विषय काय, तर जर्मनीतले नगररचनेचे कायदे. पुढे दोनच वर्षांनी, 1915 मध्ये, मुंबई इलाख्याचा टाउन प्लॅनिंग अ‍ॅक्ट आला. त्या वर्षीचा इलाख्याचा पहिलाच कायदा. हिंदुस्थानातला पहिला नगररचना कायदा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. म्हणजे साहेब एकीकडे जर्मनीशी लढत होता आणि दुसरीकडे जर्मनीचाच एक कायदा मुंबईत रुजवत होता.

आधी हे हत्यार चालतं कसं ते पाहू, म्हणजे या कायद्याचं कूळ कोणतं, हा वाद कशावरून आहे ते कळेल. शहराच्या कडेची शेतजमीन घ्या. वाटण्या होऊन होऊन लांबट, वाकड्या पट्ट्या झालेल्या. काहींना रस्त्याला तोंडच नाही. नगरपालिकेने सगळी जमीन सक्तीने विकत घ्यायची म्हटली, तर पैसा लागतो, कोर्टकचेऱ्या होतात आणि मालक कायमचा उठतो. परियोजनेत तसं होत नाही. सगळ्यांचे मूळ भूखंड कागदोपत्री एकत्र धरायचे, त्यातून रस्ते, बाग, शाळा यांची जागा काढायची आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्यालगतच्या अंतिम भूखंडांच्या रूपात त्याच मालकांना परत द्यायची. क्षेत्र घटतं, किंमत वाढते.

हिशेब गमतीचा आहे. समजा एकाची 1000 चौरस मीटर जमीन, दर 100 रुपये. किंमत 1 लाख. त्याला 600 मीटरचा अंतिम भूखंड मिळाला. जुन्या दराने त्याची किंमत 60 हजार, म्हणजे 40 हजारांची भरपाई त्याला देणं. पण रस्ता, गटार, पाणी आल्यावर दर 300 धरला, तर तोच भूखंड 1 लाख 80 हजारांचा होतो. वाढ 1 लाख 20 हजारांची. त्यातली निम्मी, 60 हजार, मालकाने परियोजनेच्या खर्चापोटी अंशदान म्हणून द्यायची. भरपाईचे 40 वजा जाता त्याच्या खिशातून जातात 20 हजार आणि हातात राहतो 1 लाख 80 हजारांचा प्लॉट. उद्या येणाऱ्या किमतीतून आजच्या रस्त्याचा खर्च काढायचा, ही सगळी मेख इथे आहे. अंतिम भूखंड कुणाला, कुठे, किती हे लवाद ठरवतो आणि मूळ ते अंतिम असा तक्ता तयार होतो. मुंबईत पुनर्विकासाच्या बैठकीत लोक बी फॉर्म, बी फॉर्म करत असतात, तो या तक्त्याचाच उतारा.

आता कूळ. फ्रँकफुर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस 1890च्या सुमारास गादीवर आले आणि 1912 पर्यंत राहिले. शहर फुगत होतं, बोकेनहाइमसारखी शेजारची गावं पोटात घेत होतं. भोवतालच्या शेतांची अवस्था आपल्याला सांगायला नको अशी: त्या भागात सगळ्या मुलांना सारखी वाटणी देण्याची रीत, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तुकड्यांचे तुकडे. एकेक पट्टी इतकी अरुंद, की घर बांधलं तर दाराला पायरी शेजाऱ्याच्या जमिनीत. रस्ता आखला तर कुणाची सगळी जमीन जाणार आणि कुणाला फुकट लाभ होणार. आडिकेस यांनी 1892 पासून प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहात विधेयक रेटलं. जमीनदारांनी कडाडून विरोध केला. अखेर 1902 मध्ये कायदा झाला, तोही फक्त फ्रँकफुर्टपुरता. जर्मन या पद्धतीला उमलेगुंग म्हणतात, जग मात्र कायद्याला लेक्स आडिकेस म्हणून ओळखतं. मूळ भूखंड एकत्र, रस्त्यांची जागा वजा, उरलेलं परत: सांगाडा तोच.

आजोळावर दावा सांगणारे दुसरेही आहेत. पहिला दावा इंग्लंडचा, आणि तो तगडा आहे. 1909चा ब्रिटिश हाउसिंग अँड टाउन प्लॅनिंग अ‍ॅक्ट मुंबईकरांसमोर होताच. 'स्कीम' हा शब्द तिथला. योजनेमुळे वाढलेल्या किमतीतला निम्मा वाटा वसूल करायचा, हेही तिथलं. अनेक जण इथेच थांबतात आणि आपला कायदा त्याची नक्कल ठरवतात. माझा त्यांना एकच प्रश्न आहे: त्या कायद्यात मालकांच्या हद्दी मोडून भूखंड नव्याने वाटण्याची तरतूद दाखवा. ती नाही. 1909चा कायदा रस्ते आणि वापर ठरवतो, सातबाऱ्याला हात लावत नाही. मुंबईच्या कायद्याचा जीव नेमका फेरवाटपात आहे. तेव्हा अंगावरचा कोट विलायती, हाडं फ्रँकफुर्टची, असं माझं म्हणणं.

दुसरा दावा पॅट्रिक गेडिस यांचा. हे स्कॉटिश गृहस्थ पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, इलाख्यातल्या गावांवर त्यांनी सुंदर अहवाल लिहिले. त्यामुळे आपल्याकडे नगररचनेत जे काही चांगलं दिसेल ते त्यांच्या नावावर लावायची सवय आहे. पण तारखा जुळत नाहीत. गेडिस हिंदुस्थानात उतरले 1914च्या शेवटी. तोवर कायद्याची पूर्वतयारी झालेली होती. शिवाय त्यांचं नगरप्रदर्शन ज्या बोटीतून येत होतं, ती 'क्लॅन ग्रँट' ऑक्टोबर 1914 मध्ये 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेने बुडवली. स्कॉटलंडची नगररचना जर्मनांनी समुद्रात घालवली आणि जर्मनीची नगररचना इंग्रजांनी मुंबईत आणली, असा हा उरफाटा प्रकार.

तिसरा दावा अमेरिकेचा. 1791 मध्ये वॉशिंग्टन शहर वसवताना जॉर्ज वॉशिंग्टनने स्थानिक मालकांशी करार केला: रस्त्यांची जमीन फुकट द्यायची आणि उरलेले प्लॉट सरकार आणि मालक यांनी निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे. कल्पना जवळची आहे, पण तो एका जागेपुरता सौदा होता. त्याचा सर्वत्र लागू होणारा कायदा झाला नाही आणि त्याचा वंशही वाढला नाही. कुळकथेत नि:संतान पूर्वजाला मान द्यावा, वारसा देऊ नये.

आडिकेस यांचं स्वतःचं कूळ शोधलं, की आणखी मजा येते. त्यांचा जन्म 1846चा, हानोवर राज्यातल्या हार्सेफेल्ड या गावचा. त्याच राज्यात 1842 मध्ये विखुरलेल्या शेतांचं एकत्रीकरण करण्याचा कायदा झाला होता. म्हणजे ज्या मुलुखात अमीन साखळ्या घेऊन बांध मोडत होते आणि नवे घालत होते, तिथे हा मुलगा वाढला. त्याने पुढे शहरासाठी वापरलेली युक्ती शेताच्या बांधावरून आली, हे मी छातीठोकपणे सांगतो. पुरावा मागाल तर जपानकडे बोट दाखवीन. तिथेही हाच वाद आहे. त्यांच्या 1919च्या शहर नियोजन कायद्यात भूखंड फेरवाटप आलं. काही अभ्यासक त्याचं श्रेय लेक्स आडिकेसला देतात, तर काही 1899च्या त्यांच्याच शेतजमीन फेररचना कायद्याला. दोन्ही वाटा शेवटी बांधावरच जातात. 1923च्या भूकंपानंतर टोकियोतली सुमारे 3000 हेक्टर जमीन याच पद्धतीने नव्याने मांडली गेली आणि तिथले नियोजनकार तिला नगररचनेची आई म्हणू लागले.

आपल्याकडे मात्र क्रम उलटा लागला. शेताचा कायदा आधी आणि शहराचा नंतर, असं जर्मनीत झालं, जपानात झालं. मुंबई इलाख्यात शहराचा कायदा 1915चा आणि शेतजमिनीच्या तुकडेबंदीचा, एकत्रीकरणाचा कायदा 1947चा. गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, ते या दुसऱ्या कायद्याने. नातू आधी जन्मला आणि आजोबा बत्तीस वर्षांनी. त्यामुळे आपल्या नियोजनकारांना दोघांचं नातं कधी दिसलंच नाही, आणि महसूल खात्यात एकत्रीकरणाच्या चुकांवरून जी भांडणं आजही चालू आहेत, त्यांचे धडे नगररचना खात्याने कधी गिरवले नाहीत.

आडिकेस यांचं नाव मात्र इथे फारसं कुणाच्या तोंडी आलं नाही. माझा तर्क सरळ आहे: 1915 मध्ये मुंबईत जर्मन महापौराचे गोडवे गाण्याची कुणाची छाती होणार? ते स्वतःही त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले.

पुढचे टप्पे माहितीचे आहेत: 1954चा सुधारित कायदा, मग महाराष्ट्राचा 1966चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम, गुजरातचा 1976चा. दोन भावांत मूळ जमीनजुमला सारखाच वाटला गेला. गुजरातने तो कसला, आपण पडीक टाकला. अहमदाबादचा 76 किलोमीटरचा रिंग रोड परियोजनांमधून निघाला. 2001च्या भूकंपानंतर भुजच्या जुन्या शहरात याच मार्गाने गल्ल्या रुंद केल्या. महाराष्ट्रात लवादाचं काम वर्षानुवर्षं रखडत गेलं. किंमत मात्र योजनेचा इरादा जाहीर झाला त्या तारखेची धरायची, त्यामुळे निकाल लागेपर्यंत अंशदानाची रक्कम चहापाण्याइतकी उरायची. उद्याच्या किमतीवर उभी असलेली युक्ती कालच्या दरात अडकली, ती अशी.

आणखी एक खोट फ्रँकफुर्टपासून चालत आली आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. या तक्त्यात नाव लागतं ते मालकाचं. जमीन कसणारा मजूर, चाळीतला भाडेकरू, कडेला झोपडं घातलेला माणूस यांना मूळ भूखंड नसतो, म्हणून अंतिमही नसतो. आडिकेस यांच्या फ्रँकफुर्टमध्ये तसं होतं, वांद्र्यात तसंच झालं.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे पुन्हा हालचाल दिसते. पनवेलच्या भोवती नैना क्षेत्रात सिडकोने परियोजनांची मालिकाच लावली आहे. तिथे मालकाला 40 टक्के जमीन परत मिळते आणि वर वाढीव एफएसआय, त्यावरून गावकरी आणि सिडको यांची रस्सीखेच चालू असते. पुण्याच्या पश्चिमेला माण-म्हाळुंगेत पीएमआरडीएने आणि पूर्वेला फुरसुंगी-उरुळी देवाचीत महापालिकेने परियोजना हाती घेतल्या. एकत्रीकरण झालेल्या गावात अशी परियोजना आली, की तिच्या तक्त्यात डावीकडच्या रकान्यात मूळ जमिनीचा गट क्रमांक येतो आणि उजवीकडे अंतिम भूखंड क्रमांक.