माल पाठवणाऱ्याचे संरक्षण

ग्राहक कसा नाडला जातो याविषयी आपण पुष्कळ ऐकतो, आणि ते ऐकलेच पाहिजे. परंतु विकणाराही नाडला जातो. आणि तो सुभाषनगरातला चपला शिवणारा कारागीर असला, तर कातड्याचे दाम आणि हाताची मजुरी अशी दोन्ही बुडतात. माल हातून सुटला, पैसा अजून हाती आला नाही, या मधल्या वाटेची जोखीम कोणाची, हा प्रश्न मोबाइलमुळे निर्माण झालेला नाही. तो व्यापाराइतकाच जुना आहे.

आपल्या पेढीवाल्यांनी त्यावर जोखमी हुंडी काढली होती. माल जहाजावर चढवणारा व्यापारी माल घेणाऱ्यावर हुंडी लिही आणि ती सराफाला विकून पैसा मोकळा करी. माल सुखरूप पोचला तरच हुंडी देणे भाग. वाटेत बुडाला तर हुंडी धरणाऱ्याचे नुकसान. त्या जोखमीचा मोबदला सराफ आधीच कापून घेई. म्हणजे उधारी आणि विमा एकाच कागदावर!

१८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली. रेल्वेने माल पाठवण्याच्या व्यापारात नवी दोरी बिल्टीची होती. विकणारा माल स्वतःच्याच नावे रवाना करी आणि बिल्टी बँकेमार्फत पाठवी. परगावच्या व्यापाऱ्याने बँकेत रक्कम भरली की बिल्टी त्याच्या हाती, आणि बिल्टी दाखवली की माल त्याच्या हाती.

किरकोळ विक्रेत्यासाठी हेच काम १८७७ पासून टपालखात्याच्या व्ही. पी. ने केले. पोस्टमनला पैसे दिल्यावाचून पुडके सुटत नसे. मात्र गिऱ्हाइकाने ते नाकारले तर जाण्यायेण्याचा भुर्दंड पाठवणाऱ्यावरच बसे. आजच्या ‘कॅश ऑन डिलिव्हरी’चे दुखणे ते हेच.

मग तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानात १९३० चा मालविक्री कायदा आला. किंमत न मिळालेल्या विक्रेत्याला त्याने तीन हक्क दिले : ताब्यातला माल धरून ठेवणे, घेणाऱ्याचे दिवाळे निघाल्यास वाटेतला माल अडवणे, आणि ठराविक अटींवर तो पुन्हा विकणे.

या साऱ्यांत एक सूत्र दिसते. पैसा येईपर्यंत विकणाऱ्याच्या हाती काहीतरी राही : हुंडी, बिल्टी, नाहीतर माल.

आज काय आहे? ऑनलाइन पेठेत पैसा मध्यस्थाकडे, पार्सल त्यानेच नेमलेल्या वाहतूकदाराकडे, आणि तक्रार झाली तर निवाडाही बहुधा त्याच मध्यस्थाचा. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थांवर बंधन घातले, की व्यापाऱ्यांचा पैसा बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावा. हे मोठे काम झाले. पण करारात तसे लिहिले असेल तर परतीची मुदत संपेपर्यंत पैसा थांबवण्यास त्याच नियमांनी वाव ठेवला. जुलै २०२० चे ई-कॉमर्स नियम मुख्यतः ग्राहकासाठी आहेत. विक्रेत्यांत भेदभाव होत असेल तर तो अटींत नमूद करा, एवढे ते पेठेला सांगतात. नमूद करणे म्हणजे थांबवणे नव्हे.

पेपॅलसारख्या कंपन्या ‘विक्रेता संरक्षण’ देतात, तेही पुराव्यावर. व्यवहारात नोंदलेल्या पत्त्यावरच माल पाठवला पाहिजे आणि पोचल्याची नोंद दाखवली पाहिजे. ‘माल मिळालाच नाही’ या तक्रारीवर ही ढाल चालते. ‘माल सांगितल्यासारखा नाही’ म्हटले की ती गळून पडते. हाताने शिवलेल्या दोन जोडांत फरक असायचाच. तेव्हा कारागिराला नेमकी जिथे गरज, तिथेच तो उघडा पडतो.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नावाचे रक्षण झाले. दामाचे व्हायचे आहे. लहान उद्योगाने पुरवलेल्या मालाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, न दिल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो.  पण परगावच्या एकट्यादुकट्या गिऱ्हाइकापुढे त्याचा फारसा उपयोग होत नाही.

म्हणून पावती, वजन, पॅकिंगचे छायाचित्र जपावे, हे खरेच. पण केवळ जपून भागत नाही. हुंडीचे नियम कोणा एका सराफाने घातले नव्हते. पेठेने मिळून रूढ केले आणि पेठेने मिळून पाळले. एकट्या कारागिराला कंपनीच्या अटी फक्त मान्य करता येतात. शंभरांनी मिळून मागितले, तर निवाडा करणारा तिसरा माणूस मागता येतो. तो मागणे हे आपल्या पिढीचे काम आहे.